अभावाचे निदान

वैद्यकाचा इतिहास आपण बहुधा सापडलेल्या गोष्टींचा इतिहास म्हणून सांगतो. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांना क्षयाचा जंतू सापडला. १८९७ मध्ये सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा परोपजीवी सापडला. सूक्ष्मदर्शकाखाली काहीतरी दिसले, त्याला नाव मिळाले आणि शत्रू ओळखू आला, अशा या कथा ऐकण्यास सोप्या आणि सांगण्यास सुखद असतात. परंतु काही व्याधी अशा आहेत की, ज्यांत सापडावयाचे असे काहीच नसते. चोर शिरल्याची खूण फुटलेल्या कुलपावर दिसते. त्या रात्री पहारेकरी जागेवर नव्हता याची खूण मात्र कोठेच उमटत नाही. अशा गैरहजर पहारेकऱ्याचा शोध वैद्यकाला कसा लागला, आणि तो लागण्यास इतका उशीर का झाला, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

रोगजंतूंचा प्रतिकार करणारी जी यंत्रणा शरीरात असते, तिच्यातील एखादा दुवा जन्मतःच नसणे, अशा स्वरूपाच्या उणिवा आज साडेचारशेहून अधिक ज्ञात आहेत. त्यांतील प्रत्येक उणीव स्वतंत्रपणे पाहिली तर दुर्मीळच. परंतु तिचा वेष अगदी रोजचा असतो. मूल दवाखान्यात येते ते न्यूमोनिया घेऊन, फुटलेला कान घेऊन, न थांबणारे जुलाब घेऊन. डॉक्टर औषध देतात, मूल बरे होते आणि महिन्याभराने दुसरेच दुखणे घेऊन परत येते. कदाचित दुसऱ्याच डॉक्टरांकडे. प्रत्येक वेळचे निदान बरोबर असते आणि ती सर्व निदाने मिळून चूक असते. खरी अडचण येथे आहे. जे दिसते त्याला नाव देण्याची वैद्याला सवय असते; जे दिसत नाही त्याला नाव द्यावयाचे, तर आधी त्याच्या नसण्याची जाणीव व्हावी लागते.

अभाव कळतो कसा, या प्रश्नाचा आपल्याकडील दार्शनिकांनी फार बारकाईने विचार केला आहे. 'भूतलावर घट नाही' हे त्यांचे नित्याचे उदाहरण. हे ज्ञान प्रत्यक्षानेच होते, असे नैयायिक म्हणतात; कुमारिलांचे अनुयायी मीमांसक आणि अद्वैती वेदान्ती त्यासाठी 'अनुपलब्धि' हे स्वतंत्र प्रमाण मानतात. तो वाद येथे सोडवावयाचा नाही. परंतु त्या चर्चेतून निष्पन्न झालेल्या दोन अटी आपल्या उपयोगाच्या आहेत. पहिली अट अशी की, ज्याचा अभाव सांगावयाचा, त्या वस्तूचे ज्ञान आधी हवे. घट म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही, त्याला घट नाही हेही कळणार नाही. शास्त्रात या वस्तूला अभावाचा 'प्रतियोगी' म्हणतात. दुसरी अट अशी की, न दिसणे हे योग्य परिस्थितीतील न दिसणे हवे. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, एवढ्यावरून तो नाही असे म्हणता येत नाही. पुरेसा प्रकाश असता आणि घट असता, तर तो दिसलाच असता, असे म्हणता आले पाहिजे. प्रतिकारशक्तीच्या उणिवांचा इतिहास म्हणजे या दोन अटी हळूहळू कशा पुऱ्या होत गेल्या त्याचा इतिहास होय.

प्रथम प्रतियोगीचे ज्ञान झाले. १८९० मध्ये बर्लिनमध्ये एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो किटासाटो यांनी दाखवून दिले की, धनुर्वाताच्या विषाशी सामना केलेल्या प्राण्याच्या रक्तात त्या विषाला निष्प्रभ करणारे काही द्रव्य उत्पन्न होते. आज आपण त्यास प्रतिपिंडे म्हणतो. परंतु ही प्रतिपिंडे रक्तातील नेमक्या कोणत्या घटकात राहतात, हे पुढे बराच काळ अज्ञात होते. १९३७ मध्ये स्वीडनमधील उप्साला येथे आर्ने टिसेलियस यांनी रक्तातील प्रथिने विजेच्या प्रवाहात वेगवेगळ्या गतीने सरकतात या गुणाचा उपयोग करून ती निरनिराळी करणारे उपकरण सिद्ध केले. या पद्धतीला इलेक्ट्रोफोरेसिस म्हणतात. अल्ब्युमिन वेगळे झाले आणि उरलेल्या ग्लोब्युलिनांना आल्फा, बीटा व गॅमा अशी ग्रीक अक्षरांची नावे मिळाली. दोनच वर्षांनी टिसेलियस व एल्विन काबाट यांनी प्रतिपिंडे मुख्यतः या गॅमा विभागात असतात असे दाखविले. घट कोणता आणि तो कोठे असावयास हवा, हे आता कळले. शिवाय त्याच्यावर पडणारा प्रकाशही उपलब्ध झाला.

परंतु आणखी एक गोष्ट हवी होती आणि तिचा विचार करताना मन विषण्ण होते. ज्या मुलांच्या रक्तात हा गॅमा विभाग नव्हता, ती मुले वैद्यकाला दिसण्याइतकी जगतच नसत. पहिल्या किंवा दुसऱ्या न्यूमोनियात ती जात, आणि त्या काळी न्यूमोनियाने मूल दगावणे यात विशेष असे कोणाला काही वाटत नसे. अशी मुले प्रत्येक पिढीत जन्माला आली असली पाहिजेत. त्यांची दुखणी मात्र इतर मुलांच्या दुखण्यांत मिसळून गेली. पेनिसिलिन हाती आल्यावर ती पहिल्या आघातातून वाचू लागली, पुनःपुन्हा आजारी पडू लागली, आणि त्या पुनरावृत्तीतूनच त्यांचे वेगळेपण प्रथम दृष्टीस पडले. एका रोगावरील औषधाने दुसरा रोग दृश्य केला, असे येथे घडले.

वॉशिंग्टन येथील वॉल्टर रीड या लष्करी रुग्णालयात बालरोग विभागाचे प्रमुख असलेले कर्नल ऑग्डेन ब्रूटन यांच्यापुढे आठ वर्षांचा असाच एक मुलगा होता. चार वर्षांच्या काळात त्याला एकोणीस वेळा गंभीर जंतुसंसर्ग झाला होता, आणि त्यांपैकी दहा वेळा त्याच्या रक्तात न्युमोकोकस हे जंतू सापडले होते. जंतू सापडला, त्यावर औषध लागू पडले, मूल घरी गेले. रूढ अर्थाने पाहिले तर प्रत्येक वेळी वैद्यकाचा विजयच झाला होता. ब्रूटन यांनी त्या विजयांवर समाधान मानले नाही. त्यांनी मुलाला न्युमोकोकसची लस दिली आणि त्याच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होतात का, ते पाहिले. ती झाली नाहीत. मग त्याचे रक्त त्यांनी इलेक्ट्रोफोरेसिसने तपासविले. गॅमा ग्लोब्युलिनच्या जागी काहीही नव्हते.

हा वृत्तान्त १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील एक तपशील मला सर्वांत बोधप्रद वाटतो. या मुलाच्या रक्तातील एकूण प्रथिनांचे प्रमाण प्राकृत होते. म्हणजे नेहमीच्या तपासणीत जी एकच बेरीज समोर येत असे, तिच्यात काहीही उणे दिसले नसते. सरकारी दफ्तरात ज्यांचे आयुष्य जाते, त्यांना हा अनुभव अपरिचित नाही. जमाखर्चाची अखेरची बेरीज जुळते, आणि तरीही एका खात्यात पैही शिल्लक नसते. बेरजेवर विसंबणाऱ्याला अभाव सापडत नाही. त्यासाठी खातेवार पाहावे लागते. ब्रूटन यांनी उपायही सरळ योजला. जे नाही ते बाहेरून द्यावयाचे. दात्यांच्या रक्तातून वेगळे काढलेले गॅमा ग्लोब्युलिन दर महिन्यास त्वचेखाली टोचण्यास आरंभ झाला आणि संसर्गांची ती मालिका थांबली. त्यानंतर लवकरच बोस्टनमध्ये चार्ल्स जेनवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी असेच आणखी काही रुग्ण नोंदविले. ते सारे मुलगेच होते. याचे कारण नीट उलगडावयास १९९३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी दोन संशोधकगटांनी एक्स गुणसूत्रावरील सदोष जनुक ओळखले. ब्रूटन यांचे नाव आज त्या जनुकाला जोडलेले आहे.

एकदा अभाव ओळखू आल्यावर त्याच्या इतर खुणाही दिसू लागल्या. त्या सर्व डोळ्यांसमोरच होत्या. उदाहरणार्थ, या मुलांच्या घशात टॉन्सिल जवळजवळ नसतात. घशात बॅटरीचा झोत टाकून पाहणारा डॉक्टर सुजलेले टॉन्सिल शोधतो. ते नाहीत हे त्याच्या लक्षात येत नाही, कारण निरोगी घसा पाहिल्याचेच समाधान त्याला वाटते. दुसरी फसगत अधिक हृद्य आहे. जन्मापूर्वी आईच्या रक्तातील प्रतिपिंडे वारेतून गर्भाला मिळतात आणि जन्मानंतर सुमारे सहा महिने ती बाळाचे रक्षण करतात. त्यामुळे ज्या बाळाजवळ स्वतःचे काहीच नाही, तेही प्रारंभी सुदृढ दिसते. मातेने दिलेली शिदोरी सरते आणि मगच दारिद्र्य उघडे पडते. तिसरा धोका प्रयोगशाळेतला. पुष्कळ संसर्गांचे निदान रुग्णाच्या रक्तातील प्रतिपिंडे पाहून केले जाते. ज्याला प्रतिपिंडे निर्माणच करता येत नाहीत, त्याची ही तपासणी नकारार्थी येणारच. तो नकार रोग नसल्याचा पुरावा नव्हे. दार्शनिकांच्या भाषेत ती अंधाऱ्या खोलीतील अनुपलब्धि होय.

याहून उग्र अशी एक उणीव आहे. १९५० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ग्लान्झमन व रिनिकर यांनी अशा अर्भकांचे वर्णन केले की, ज्यांच्या रक्तात लिम्फोसाइट या श्वेतपेशीच अत्यल्प होत्या. येथे एक खाते नव्हे, संपूर्ण प्रतिकारयंत्रणाच कोसळलेली असते, आणि उपचार न झाल्यास अशी बालके सहसा पहिला वाढदिवसही पाहत नाहीत. वास्तविक लिम्फोसाइट मोजण्यास मोठे उपकरण लागत नाही. रक्ताच्या साध्या तपासणीत तो आकडा मिळतो. मग तो नजरेतून का निसटतो? अर्भकाच्या रक्तात या पेशी प्रौढापेक्षा पुष्कळच अधिक असावयास हव्यात. प्रौढासाठी जो आकडा निर्दोष, तो अर्भकासाठी धोक्याची सूचना ठरू शकतो. अहवालावर तुलनेसाठी प्रौढांची मर्यादा छापलेली असेल, तर धोक्याचा आकडाही प्राकृत वाटतो. आपल्या देशात नवजात बालकाला बीसीजीची लस दिली जाते. ती जिवंत पण दुर्बल केलेल्या जंतूंची असते. लक्षावधी बालकांना क्षयाच्या भीषण प्रकारांपासून वाचविणारी ही लस अशा एखाद्या बालकाला मात्र रोगरूप होऊ शकते. म्हणून येथे निदानाला वर्षे नव्हेत, आठवडेच हाती असतात.

१९६८ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा येथे रॉबर्ट गुड यांनी अशा एका बालकावर अस्थिमज्जेचे रोपण यशस्वी केले आणि हा रोग बरा होऊ शकतो हे सिद्ध झाले. पुढे असेही दिसून आले की, संसर्ग होण्यापूर्वी रोपण झाल्यास यशाची शक्यता पुष्कळ वाढते. अर्थात मूल आजारी पडण्याची वाट न पाहता निदान करावयास हवे. त्यासाठी नवजात बालकाच्या टाचेतील रक्ताच्या वाळलेल्या थेंबावरून, नव्या लिम्फोसाइट घडताना मागे राहणारे डीएनएचे सूक्ष्म वलय मोजण्याची पद्धत निघाली. वलय नाही, तर पेशी नाहीत. २००८ मध्ये विस्कॉन्सिन राज्याने ही तपासणी प्रथम सुरू केली आणि २०१८ पर्यंत अमेरिकेतील सर्व राज्यांत ती लागू झाली. २०१४ मध्ये तेथील तीस लक्षांहून अधिक बालकांच्या तपासणीचा जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो विचार करण्याजोगा आहे. पूर्वी हा रोग लाखात एकाला होतो असे समजत. प्रत्यक्षात तो सुमारे अठ्ठावन्न हजारांत एकाला आढळला. प्रकाश वाढला, तेव्हा दुर्मिळता कमी झाली. दुर्मिळतेचा काही भाग रोगाचा होता आणि काही भाग आपल्या न पाहण्याचा.

या इतिहासाचा एक धागा मुंबईशीही जुळलेला आहे. ब्रूटन यांचा लेख ज्या वर्षी प्रसिद्ध झाला, त्याच १९५२ मध्ये 'लॅन्सेट' या इंग्रज नियतकालिकात डॉ. य. मा. भेंडे, देशपांडे, भाटिया व त्यांचे लंडनमधील सहकारी यांनी एका नव्या रक्तगटाची वार्ता दिली. तीही एका अभावाचीच वार्ता होती. ओ गटाच्या रक्तपेशींवरही जो मूलभूत एच नावाचा घटक असतो, तोच या रक्तात नव्हता. नेहमीच्या तपासणीत हे रक्त ओ गटाचे भासते. पण त्या व्यक्तीस ओ गटाचे रक्त दिले तर प्राणावर बेतते. या गटास 'बॉम्बे' हेच नाव जगभर रूढ झाले. अशा व्यक्ती एरवी पूर्णपणे निरोगी असतात. त्यांची उणीव केवळ रक्त घेण्याच्या प्रसंगी प्रकट होते.

चाळीस वर्षांनंतर, १९९२ मध्ये, इस्रायलमधील डॉक्टरांपुढे दोन निरनिराळ्या कुटुंबांतील दोन मुलगे आले. त्यांना वारंवार संसर्ग होई, रक्तात श्वेतपेशी भरपूर असत, परंतु संसर्गाच्या जागी पू मात्र होत नसे. पू म्हणजे लढाईत पडलेल्या श्वेतपेशींचा ढीग. तो नाही, याचा अर्थ सैन्य रणभूमीवर पोहोचतच नाही. दोघांचाही रक्तगट 'बॉम्बे' निघाला. या विलक्षण योगायोगाने संशोधकांना वाट दाखविली. एच हा घटक पुरा होण्यास फ्यूकोज नावाची एक शर्करा लागते; आणि श्वेतपेशींना रक्तवाहिनीच्या कडेला धरून बाहेर पडण्यासाठी जी पकड हवी, तिच्यातही हीच शर्करा असते. सर्वसाधारण बॉम्बे गटाच्या व्यक्तीत ही शर्करा तांबड्या पेशीवर बसविणारा कारागीर तेवढा नसतो. या मुलांत शर्करेचा पुरवठाच खुंटला होता. परळच्या रक्तपेढीपासून दूर हैफापर्यंत ज्याचे नाव पोहोचले, त्या तांबड्या पेशीवरील अभावाने श्वेतपेशीवरील अभावाची साक्ष दिली. या रोगाच्या दुसऱ्या एका प्रकारात अशीच साक्ष बाळाची नाळ देते. आठवड्याभरात, फार तर पंधरवड्यात गळून पडावयाची नाळ तीन-तीन आठवडे टिकून राहते. बाळंतिणीच्या खोलीतील वडीलधाऱ्या बायका नाळ कधी पडली हे नेमके सांगतात. ते कोणी विचारीत नाही, एवढेच.

मुंबईत १९५७ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने रक्तगटांच्या अभ्यासासाठी एक केंद्र स्थापन केले. तेच आज परळला के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय संस्था म्हणून उभे आहे आणि प्रतिकारशक्तीच्या जन्मजात उणिवांचे निदानही तेथे होते. चंडीगढच्या संस्थेतही हे कार्य चालते. २०२१ मध्ये केंद्र शासनाने दुर्मीळ रोगांविषयीचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. त्यात अशा काही उणिवांचा समावेश आहे, आणि २०२२ मध्ये साहाय्याची कमाल मर्यादा पन्नास लक्ष रुपये करण्यात आली. हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु शासनाचे साहाय्य निदान झालेल्या मुलाला मिळते. निदान न झालेले मूल नोंदवहीत येते ते मृत्यूच्या रकान्यात, 'न्यूमोनिया' या शब्दापुढे. त्या शब्दात असत्य काही नसते. पुन्हा पुन्हा का, हा प्रश्न मात्र त्या रकान्यात मावत नाही. मागे उरते ती आई, जिला कोणी दुधाचा दोष देतो, कोणी पथ्याचा, कोणी पायगुणाचा.

म्हणून शेवटी एका जुन्या आणि बिनखर्चाच्या साधनाचा उल्लेख केला पाहिजे. १९५४ मध्ये रॉबर्ट अल्ड्रिच यांनी अमेरिकेतील एका कुटुंबाची सहा पिढ्यांची वंशावळ मांडली. कान वाहणे, त्वचेवरील चट्टे आणि रक्ताचे जुलाब यांनी त्या घराण्यातील चाळीस मुलग्यांपैकी सोळा दगावले होते; मुली सुखरूप होत्या, परंतु दोष त्यांच्यामार्फतच पुढच्या पिढीत उतरत होता. या निष्कर्षासाठी उपकरण लागले नाही. घरातील माणसांना विचारावे लागले, आणि मेलेल्या मुलांचीही मोजदाद करावी लागली. आपल्याकडे वंशावळ सांगताना जगलेल्यांची नावे घेतात. तान्हेपणी गेलेल्यांची घेत नाहीत. वारंवार आजारी पडणाऱ्या मुलाच्या आईला, 'बाई, तुमचे भाऊ किती?' एवढे विचारून थांबू नये. 'आणि तान्हेपणी गेलेले किती?' हेही विचारावे. कित्येकदा तिला ते ठाऊक नसते. मग तिच्या आईला विचारावे लागते. बाळाचे नाव ठेवण्यापूर्वीच जो गेला, ज्याला भाच्याने कधी पाहिले नाही, अशा एखाद्या मामाची आठवण त्या म्हातारीच्या मनात असते. ती तिने सांगितली आणि ऐकणाऱ्याने कागदावर उतरवून घेतली, तर तिचा नातू वाचण्याचा संभव आहे.